मोबाईलवरचं बटण : घरात की मळ्यात?



हल्ली गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मागताना एक नवं कारण कानावर येतंय : मोबाईलवर चालणारी वस्तू. कुणाच्या मुलानं वायफायचे बल्ब बघून ठेवलेत, कुणाला मोबाईलवरून चालू होणारा गिझर हवाय, तर कुणाला मळ्यातल्या मोटरीसाठी मोबाईल स्टार्टर. ऐकायला तिन्ही मागण्या सारख्याच वाटतात. पण कर्ज मंजूर करताना त्या वेगवेगळ्या तोलायला हव्यात. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारते : ताई, ही वस्तू तुमची कुठली खेप वाचवणार?

आधी बल्ब घ्या. आपल्या घरात बटण चार पावलांवर असतं. वायफायच्या बल्बला भिंतीवरचं बटण कायम चालूच ठेवावं लागतं. सासूबाईंनी सवयीनं ते बंद केलं की मोबाईलवर कितीही बोट दाबा, बल्ब लागत नाही. घरात वायफाय हवं, त्याचं महिन्याचं भाडं वेगळं. लाईट गेली की वायफायची पेटीही बंद. आणि मध्यरात्री लाईट आली की यातले बरेच बल्ब आपले आपणच पेटतात, सगळं घर जागं होतं! असल्या बल्बसाठी गटाचं कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंख्याचं थोडं वेगळं आहे. बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण २८ ते ३० वॅट घेतो, जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास. रोज १० तास पंखा चालला तर महिन्याला साधारण १४ युनिट वाचतात. पण ही बचत मोटरीची आहे, ॲपची नाही. तोच पंखा साध्या रिमोटचा घेतला तरी बचत तेवढीच. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, गुडघ्यांमुळे उठता येत नसेल, तर पडल्या जागेवरून पंखा-दिवा लावता येणं ही मोठी सोय आहे, पण तीही रिमोटवर भागते. गिझरचं म्हणाल तर २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. तो वेळेत बंद करायला ॲप कशाला, घड्याळ पुरे.

ॲपच्या वस्तूंची आणखी एक गोम आहे. त्या कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर चालतात. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचं, घरातली उपकरणं चालवणारं ३०० डॉलरचं यंत्र होतं. ते विकत घेणाऱ्या कंपनीनं २०१६ साली सेवाच बंद केली आणि लोकांच्या घरातली चांगली यंत्रं एका दिवसात निकामी झाली. तिकडची ही गत, तर ऑनलाईन घेतलेल्या बिननावाच्या बल्बसाठी आपण कुणाकडे दाद मागणार?

आता मळ्यातली मोटर. इथं मात्र खेप खरी आहे. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वस्तीपासून विहीर किंवा नदीकाठची मोटर लांब. रात्री उठून उसातून जायचं, साप-विंचू पायाखाली, आणि शिराळा-कराडच्या बाजूला बिबट्याची भीती. गेल्यावर कळतं, लाईट आलेलीच नाही. हीच अडचण ओळखून पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हा मोबाईल स्टार्टर बनवला. त्यांच्या आजोबांची मोटरीसाठीची पायपीट त्यांनी पाहिली होती. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. असल्या स्टार्टरला वायफाय लागत नाही. पेटीत सिम असतं, बटणाच्या साध्या फोनवरूनही मोटर चालू-बंद होते, लाईट आहे का तेही कळतं.

ऑटो स्विच आणि हा, दोन्ही एकच समजू नका. ऑटो स्विचमुळे लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, डीपीवर ताण येतो आणि तो जळतो. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढायला सांगतं. आणि तुमच्याकडे सौर पंप आला असेल तर रात्रीची खेप मुळातच संपली, मग आधी तो हिशोब करा.

पण एक गोष्ट मला खटकते. बैठकीत मी विचारते, स्टार्टरमध्ये नंबर कुणाचा? उत्तर ठरलेलं : मालकांचा, नाहीतर पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा. दारं धरायला रानात कोण? ताई! पाट फुटला, पाणी शेजारच्या रानात चाललं, तरी मोटर बंद करायला हिनं मुलाला फोन लावायचा, आणि तो कंपनीत ड्युटीवर. कर्ज ताईंच्या नावावर, हप्ता ताईंच्या डोक्यावर, मग बटण ताईंच्या हातात का नको? बहुतेक स्टार्टरमध्ये एकाहून जास्त नंबर घालता येतात.

हे नुसत्या मानपानाचं नाही, जिवाचंही आहे. कुणी विहिरीत उतरून फुटबॉल साफ करतंय, किंवा वायर जोडतंय, आणि लांब बसलेल्यानं फोनवरून मोटर चालू केली तर? पूर्वी मोटर चालू करणारा पेटीजवळ असायचा, त्याला माणूस दिसायचा. आता दिसत नाही. म्हणून मोटरीला, वायरीला किंवा पाण्यातल्या पाइपला हात लावण्याआधी फोनवर ‘बंद’ करून भागत नाही. मेन स्विच पाडायचा, फ्यूजच्या ग्रिपा काढायच्या आणि त्या आपल्याजवळ ठेवायच्या. ज्यांचे ज्यांचे नंबर स्टार्टरमध्ये आहेत त्या सगळ्यांना आधी सांगायचं. ओल्या हातानं पेटी उघडायची नाही. घरातल्या पोरांनाही हे शिकवा, मोबाईल त्यांच्याच हातात जास्त असतो.

स्टार्टर घ्यायचं ठरलं तर आधी विहिरीजवळ उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते पाहा. जुन्या पद्धतीच्या पेट्यांना टू-जी सिम लागतं, त्यात जिओचं सिम चालत नाही, तेव्हा दुकानदाराला विचारूनच सिम घ्या. विहिरीचं पाणी संपलं किंवा एक फेज गेली तर मोटर आपोआप बंद पडते का, हेही विचारा. ती सोय नसेल तर घरबसल्या मोटर जळेल आणि कळणारही नाही. पेटीतल्या सिमचा रिचार्ज हा कायमचा खर्च आहे, तो कर्जाच्या अर्जात हप्त्याच्या खाली लिहा. आणि बसवणारा माणूस मळ्यात येईल त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथं हजर राहा. तुमचा नंबर तुमच्यासमोर घालून घ्या, तुमच्या फोनवरून मोटर दोनदा चालू-बंद करून बघा, आणि मगच पैसे द्या.