खडकी ते कात्रज : प्राणिसंग्रहालयाची सहल, एक पाठ म्हणून



दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये सहलीचे वारे वाहू लागते. खडकी, बोपोडी, दापोडी भागातल्या शाळांना कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सोयीचे पडते. शहरातच आहे, खर्च बेताचा आहे आणि मुलांना वाघ बघायचा असतो. पण सहलीहून परतल्यावर मुलांना विचारा, "काय पाहिलंस रे?" बऱ्याचदा उत्तर येते, "वाघ झोपला होता आणि आम्ही वेफर्स खाल्ले." पालकांनी पैसे दिले, शिक्षकांनी दिवसभर मुलं मोजली, आणि हाती एवढंच!

हीच सहल थोडी आखणी केली तर परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ होते. शिवाय या पाठातला एक भाग असा आहे की तो मुलाच्या लक्षात राहिला तर उद्या कुणाचा तरी जीव वाचू शकतो. तो भाग पुढे येईलच. आधी तयारी पाहू.

१. जागेची ओळख : हे प्राणिसंग्रहालय आलं कुठून?

आजी-आजोबांना विचारायला सांगा, "तुम्ही लहानपणी वाघ कुठे पाहिलात?" पुण्यातले असतील तर ते पटकन म्हणतील, "पेशवे पार्कात!" सारसबागेशेजारच्या पेशवे उद्यानात १९५३ साली पुणे महापालिकेने प्राणिसंग्रहालय सुरू केले. तिथली 'फुलराणी' ही छोटी आगगाडी १९५६ पासूनची. शहर वाढले, गर्दी वाढली, प्राण्यांना ती जागा अपुरी पडू लागली. दरम्यान १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान सुरू झाले होते. पुढे त्याच परिसरात मोठे प्राणिसंग्रहालय उभे राहिले आणि १९९९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पेशवे उद्यानातले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले.

कात्रजचा परिसर सुमारे १३० एकरांचा आहे. त्यातला ४२ एकरांच्या आसपासचा भाग कात्रजच्या तलावाचा. पेशवाईत याच भागातून जमिनीखालच्या नळांनी शहरात, अगदी शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले होते. आणि आपल्या खडकीत ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. म्हणजे इतिहासाच्या तासाचा धागाही इथे सहज जोडता येतो. मुलांना नकाशावर खडकी, शनिवारवाडा आणि कात्रज ही तीन ठिकाणं शोधायला लावा.

२. दिवस, वेळ आणि प्रवास

- प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते. हे साधे वाटते, पण सहलीची तारीख ठरवताना पहिल्यांदा हेच पाहा.
- रविवार आणि सुट्टीचे दिवस टाळा. गर्दीत मुलं सांभाळायची की प्राणी दाखवायचे?
- तिकिटाचे दर आणि शालेय गटासाठीची सवलत वेळोवेळी बदलते. आठवडाभर आधी चौकशी करा. शाळेचे पत्र लागते का, तेही तेव्हाच विचारून घ्या.
- सकाळी दार उघडते त्याच सुमारास पोहोचा. वाघ, सिंह, बिबट्या हे प्राणी सकाळी आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतात. दुपारी बारा वाजता गेलात तर झोपलेला वाघच दिसणार. दोष वाघाचा नाही, आपल्या वेळापत्रकाचा!

खडकीहून कात्रज साधारण पंधरा किलोमीटर. मोठ्या गटासाठी बस ठरवलेली बरी. मात्र पालक चार-पाच मुलांना घेऊन जाणार असतील तर मेट्रोचा विचार करा. खडकीचे मेट्रो स्थानक जून २०२५ मध्ये सुरू झाले. तिथून थेट स्वारगेट आणि पुढे सातारा रस्त्याने कात्रजची बस. स्वारगेट ते कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा भुयारी मार्ग मंजूर झाला आहे. तोवर हा शेवटचा टप्पा बसनेच. मुलांना स्थानकांची नावं क्रमाने लिहायला सांगा. प्रवास हाही पाठच आहे.

३. पैशाचा विषय हळुवारपणे हाताळा

हा मुद्दा आपण घाईत सोडून देतो. बस, तिकीट आणि खाऊ मिळून होणारी रक्कम काही घरांना जड जाते. खडकी बाजारात हातगाडी लावणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांच्या घरी दोन भावंडं एकाच शाळेत असतील तर खर्च दुप्पट. मग मूल घरी सांगतच नाही. शाळेत म्हणते, "मला नाही यायचं, मला वाघ आवडत नाही." असं वाक्य ऐकलं की शिक्षकांनी ते शब्दशः घेऊ नये.

काय करता येईल?

- वर्गात पैसे भरलेल्यांची आणि न भरलेल्यांची नावं मोठ्याने वाचू नका.
- रक्कम दीड-दोन महिने आधी सांगा, म्हणजे हप्त्याने भरता येते.
- सर्वांसाठी सारखाच साधा डबा ठरवा : पोळी-भाजी किंवा थालीपीठ आणि एक फळ. खाऊसाठी वेगळे पैसे आणायला बंदी.
- शक्य असलेल्या पालकांकडून गुपचूप थोडी जास्त रक्कम घ्या. कुणी कुणासाठी भरले हे मुलांपर्यंत जाऊ देऊ नका.

४. वर्गातली तयारी : तीन तासिका पुरेत

पहिल्या तासिकेत मुलांकडून प्रश्न गोळा करा. फळ्यावर सगळे लिहा, अगदी गमतीदारही. "वाघ घोरतो का?" हाही चांगला प्रश्न आहे.

दुसऱ्या तासिकेत प्राण्यांचे गट करा : शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी, अंडी घालणारे, पिल्लांना जन्म देणारे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याची ओळख इथेच करून द्या. भीमाशंकरचे अभयारण्य शेकरूसाठी ओळखले जाते आणि तेही आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीशी आहे, हे मुलांना ऐकून नवल वाटते.

तिसरी तासिका नियमांची. "कचरा करू नका, दगड मारू नका" हे मुलांना पाठ असतं. पण का, ते सांगा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना चिडवणे, त्यांना खायला घालणे, आवाज करून त्रास देणे, तिथे कचरा टाकणे हा गुन्हा आहे. आणि कायद्यापलीकडचं कारणही साधं आहे. हरणाने प्लास्टिकची पिशवी गिळली तर ती पोटात अडकते, आणि ते बिचारं सांगणार कुणाला? म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या घरातूनच आणू नका.

५. गट आणि जबाबदाऱ्या

दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असा हिशेब ठेवा. पालकांची लेखी संमती घ्या. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव आणि शिक्षकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. मुलाचे नाव गळ्यात मोठ्या अक्षरांत लटकवू नका, कारण अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. "हरवलास तर चालू नकोस, आहेस तिथेच उभा राहा आणि गणवेशातल्या रक्षकाला सांग," हे वाक्य प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. बसमध्ये चढताना, आत शिरताना, डबा खाल्ल्यावर आणि निघताना अशी चार वेळा मोजणी करा. चालायला त्रास होणाऱ्या मुलांसाठी आत बॅटरीवरच्या गाड्यांची सोय असते, तिची आधी चौकशी करा.

६. आत गेल्यावर : कमी प्राणी, जास्त वेळ

सगळे प्राणी पाहण्याचा अट्टहास सोडा. प्रत्येक गटाने तीनच प्राणी निवडावेत आणि प्रत्येकापुढे दहा मिनिटं शांत उभं राहावं. सुरुवातीची दोन मिनिटं मुलं चुळबुळतात. मग एकेकाला दिसायला लागतं. निरीक्षणासाठी हे प्रश्न द्या :

- प्राण्याचे डोळे समोर आहेत की बाजूला? (शिकार करणाऱ्यांचे बहुधा समोर, हरणांचे बाजूला. का बरं?)
- कान कोणत्या दिशेला वळतात?
- मगर तोंड उघडं ठेवून का पडली असेल? (चावायला नव्हे. शरीराचं तापमान सांभाळायला.)
- अंगावरचे ठिपके किंवा पट्टे झाडीत कसे दिसतील?
- प्राणी एकाच वाटेने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतोय का?

पांढरा वाघ दिसला तर मुलं म्हणतील, "हा वेगळ्या जातीचा!" तसं नाही. तोही आपला पट्टेरी वाघच. फक्त रंगाचा जनुकीय बदल. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात 'मोहन' नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ त्याचेच वंशज.

७. सर्पोद्यान : सहलीतला सर्वांत महत्त्वाचा तास

दुपारचं ऊन चढलं की सर्पोद्यानात जा, आणि इथे घाई करू नका. कात्रजच्या सर्पोद्यानाशी नीलिमकुमार खैरे यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहून दाखवले होते. ही गोष्ट सांगताना लगेच जोडून सांगा, ते अभ्यासक होते; आपण सापाला हात लावायचा नाही, बिनविषारी वाटला तरी नाही.

सर्पदंशाने भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शहरात राहतो म्हणून आपण सुरक्षित, असं समजू नका. आपल्याकडे मुळेचा काठ आहे, लष्करी हद्दीतली दाट झाडी आहे, उंदीर आहेत. म्हणजे साप येणारच. मुलांना चार साप नीट ओळखता आले पाहिजेत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्याकडचे बहुतेक मृत्यू या चौघांमुळे होतात, आणि रुग्णालयात मिळणारे प्रतिविष याच चौघांवर चालते. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला कळतही नाही. म्हणून खाली झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

मग हा पाठ मुलांकडून तोंडी म्हणवून घ्या :

- साप चावला तर घाबरून पळू नका. तो भाग हलवू नका.
- अंगठी, कडं, पैंजण काढून ठेवा. सूज येते.
- घट्ट दोरी बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही.
- मांत्रिकाकडे नाही, थेट रुग्णालयात. १०८ ला फोन.
- सापाला मारायला किंवा पकडायला थांबू नका.
- घरात साप दिसला तर लांबून लक्ष ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

साप दूध पीत नाही आणि पुंगीच्या सुरावर डोलत नाही. त्याला बाहेरचे कान नाहीत. तो पुंगीच्या हालचालीकडे लक्ष देतो. घरी नागपंचमीला हेच मूल आजीला समजावून सांगेल. सांगू द्या. आजी आधी रागावेल, मग ऐकेल.

८. अवघड प्रश्न टाळू नका

एखादं मूल हमखास विचारतं, "बाई, यांना सोडून का देत नाहीत?" "गप्प बस, पुढे चल," असं म्हणू नका. खरं सांगा. इथल्या काही प्राण्यांचा जन्मच पिंजऱ्यात झालेला असतो, त्यांना शिकार येत नाही. काही जखमी किंवा अनाथ अवस्थेत सापडलेले असतात. अशा प्राण्यांसाठी इथे अनाथालयही आहे. आणि तरीही बंद जागेत राहणं प्राण्याला सोपं नसतं. म्हणून तर लहान पिंजऱ्यांच्या जागी खंदकवाली मोठी मोकळी आवारं आली. देशभरच्या प्राणिसंग्रहालयांवर लक्ष ठेवणारे केंद्रीय प्राधिकरण १९९२ पासून आहे. प्राणी पिंजऱ्यात ठेवावेत की नाही, यावर मोठ्या माणसांचंही एकमत नाही, हेही मुलांना सांगा. पाचवी-सहावीच्या वर्गात यावर छान चर्चा होते. उत्तर तुम्ही देऊ नका. दोन्ही बाजू त्यांनाच मांडू द्या.

९. परतल्यावर

दुसऱ्याच दिवशी "माझी सहल" हा दहा ओळींचा निबंध नको. त्यापेक्षा :

- पहिल्या तासिकेतले फळ्यावरचे प्रश्न पुन्हा काढा. किती उत्तरं मिळाली? किती नवे प्रश्न पडले?
- पाहिलेल्या एका प्राण्याच्या वतीने माणसांना पत्र लिहा.
- चार विषारी सापांचा आणि प्रथमोपचाराचा तक्ता बनवा. एक वर्गात, एक घराच्या दाराशी.
- आलेल्या खर्चाचा हिशेब मुलांकडूनच मांडून घ्या. गणिताचा तास त्यात निघतो.

जी मुलं आजारपणामुळे येऊ शकली नाहीत, त्यांना हे तक्ते रंगवायला बोलवा. बाकीच्यांनी त्यांना प्राणी नक्कल करून दाखवावेत. वर्गात हशा पिकेल आणि कुणी मागेही राहणार नाही.

पालकांनो, तुमच्यासाठी एकच विनंती. मूल घरी आल्यावर "मजा आली का?" असं विचारून थांबू नका. "साप चावला तर काय करायचं?" हेही विचारा. त्याला सगळं क्रमाने सांगता आलं तर सहलीचे पैसे वसूल झाले असं समजा. अडखळलं तर तक्ता पुन्हा वाचा, दोघांनी मिळून.