परक्या शाळेंत आपलें लेंकरूं

आदिवासी विद्यार्थ्यांविषयीं मंडळ्यांसाठीं अभ्यासधडा

शास्त्रपाठ : दानीएल १:१–२१, मार्क १०:१३–१६, प्रेषितांचीं कृत्यें २:१–११.

धड्याचा हेतु : आदिवासी मुलाला शाळेंत विद्या मिळावी, पण त्याचें नांव, त्याची बोली व त्याच्या घराचा मान हीं त्याच्यापासून हिरावलीं जाऊं नयेत, आणि ह्या कामीं मंडळीचें कर्तव्य काय, हें समजून घेणें.



दानीएलाचें पुस्तक उघडलें म्हणजे सिंहांची गुहा आपणांस प्रथम आठवते. परंतु त्या पुस्तकाचा पहिला अध्याय शाळेविषयीं आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जून महिन्यांत पाड्यापाड्यांतून मुलें पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेकडे निघतात. त्या वेळीं हा अध्याय आपण सावकाश वाचावा.

१. बाबेलांतील शाळा

यरुशलेमेहून नेलेल्या चार तरुणांस राजवाड्यांत शिक्षणासाठीं ठेवण्यांत आलें. मुदत तीन वर्षांची होती. तेथें त्यांच्या तीन गोष्टी बदलण्याचें ठरलें : भाषा खास्द्यांची, अन्न राजाच्या पंक्तीचें, आणि नांवें बाबेलचीं. ज्या नांवांत इस्राएलाच्या देवाचें स्मरण होतें, त्या जागीं परकीं नांवें आलीं.

आतां दानीएलानें काय केलें तें पाहा. त्यानें विद्या नाकारली नाहीं. खास्द्यांची लिपि व भाषा तो मन लावून शिकला, आणि परीक्षेंत तो व त्याचे सोबती इतरांहून दसपट सरस ठरले. परंतु एका गोष्टींत, म्हणजे अन्नाविषयीं, त्याचें मन दुखावलें. त्यानें भांडण केलें नाहीं. अधिकाऱ्याकडे नम्रपणें विनंती केली. कारभाऱ्यानें ती ऐकली, आणि दहा दिवस शाकान्न व पाणी देऊन पाहण्याचें कबूल केलें.

येथें तीन गोष्टी टिपून ठेवा. पहिली, ते चौघे एकत्र होते. एकाला दुसऱ्याचा आधार होता. दुसरी, त्या परक्या ठिकाणीं त्यांचें ऐकणारा एक वडील माणूस होता. तिसरी, नवी नांवें मिळालीं तरी जुनीं पुसलीं गेलीं नाहींत. पुढच्याच अध्यायांत (२:१७) पुस्तककर्ता त्या सोबत्यांस हनन्या, मीशाएल व अजऱ्या असेंच म्हणतो. सोबती, ऐकणारा वडील, आणि स्वतःची ओळख : परक्या शाळेंत मूल ह्या तीन आधारांवर उभें राहतें.

२. आपल्या पाड्यांतील मूल

आपल्या शाळा म्हणजे बाबेल नव्हेत, व आपलीं मुलें बंदिवान नव्हेत. सरकारनें त्या मुलांच्या हितासाठींच काढल्या आहेत. तथापि मुलाच्या बाजूनें पाहिलें तर पुष्कळ गोष्टी सारख्या दिसतील.

इ. स. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत अनुसूचित जमातींचे लोक सुमारें १ कोटि ५ लक्ष, म्हणजे शेंकडा नऊंहून कांहीं अधिक भरले. भिल्ल, मावची, पावरा, कोकणा, वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कोरकू, कोलाम, गोंड, माडिया अशा अनेक जमाती त्यांत आहेत. ह्यांच्या मुलांसाठीं राज्यांत सुमारें ५०० शासकीय व सुमारें ५५० अनुदानित आश्रमशाळा आहेत. सहा-सात वर्षांचें लेंकरूं आईच्या कुशींतून उठून तेथें जातें, आणि दिवाळीपर्यंत घर पाहत नाहीं.

तेथें पहिल्या दिवशीं त्याला अडतें तें भाषेपाशीं. भिली ही गुजराती-मराठीच्या शेजारची. परंतु गोंडी ही तेलुगु-तामिळांच्या कुळांतली, व कोरकू ही संताळी-मुंडारीच्या कुळांतली. गोंडाचें मूल पाण्याला ‘येर’ म्हणतें, कोरकूचें ‘डा’ म्हणतें. ‘पाणी’ हा शब्द ज्याला ठाऊक नाहीं, तें मूल तहानलें असतां काय मागेल? तें गप्प बसतें. मग कोणी म्हणतो, “पोर मंद आहे.” घरीं हेंच मूल झाडांचीं व पांखरांचीं नांवें घडाघडा सांगतें, नदींतील मासे हातानें धरतें, शेळ्या मोजून आणतें. तें मंद नाहीं. त्याची आणि गुरुजींची अजून भेटच झालेली नाहीं.

३. मंडळीच्या इतिहासांतील दोन वाटा

ह्या विषयांत ख्रिस्ती मंडळीनें जगांत दोन वाटा चोखाळल्या आहेत. दोन्ही आपण जाणल्या पाहिजेत, कारण दोन्ही आपल्याच घरच्या आहेत.

पहिली वाट आदराची. वेल्श मिशनरी थॉमस जोन्स हे इ. स. १८४१ मध्यें खासी टेंकड्यांत गेले, आणि खासी भाषा त्यांनीं रोमन अक्षरांत लिहावयास लाविली. इ. स. १८९४ मध्यें लॉरेन व सॅव्हिज हे मिझो लोकांत आले, व त्यांनीं त्या भाषेला लिपि दिली. संताळी भाषेचें व्याकरण स्क्रेफ्सरूड यांनीं इ. स. १८७३ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि बॉडिंग यांनीं तिचा पांच खंडांचा कोश रचिला. ह्या सेवकांनीं लोकांची बोली प्रथम आपण शिकून घेतली, मग शिकविलें. आज खासी व मिझो लोक आपल्या भाषेंत वाचतात, लिहितात, उपासना करितात.

दुसरी वाट दुःखाची. कॅनडा देशांत जेम्स इव्हन्स नांवाच्या मेथडिस्ट मिशनऱ्यानें इ. स. १८४० मध्यें क्री लोकांच्या भाषेसाठीं सुंदर लिपि तयार केली होती. परंतु त्याच शतकाच्या अखेरीपासून त्याच देशांत सरकार व मंडळ्या यांनीं मिळून मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं निवासी शाळा चालविल्या. रोमन कॅथोलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन व पुढें युनायटेड चर्च, सर्वांचा त्यांत हात होता. सुमारें दीड लक्ष मुलें त्या शाळांत गेलीं. त्यांचे केस कापले, नांवें बदललीं, आणि मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. रोगराईनें व हयगयीनें तीन हजारांहून अधिक मुलें दगावलीं. शेवटच्या शाळा १९९० नंतरच्या दशकांत बंद झाल्या. त्याआधीं १९८६ मध्यें युनायटेड चर्चनें मूळ रहिवाशांची क्षमा मागितली, आणि १९९८ मध्यें ह्या शाळांबद्दल पुन्हां मागितली. अँग्लिकन मंडळीनें १९९३ मध्यें व प्रेसबिटेरियन मंडळीनें १९९४ मध्यें आपला अपराध कबूल केला. तेथील पंतप्रधानांनीं २००८ मध्यें लोकसभेंत क्षमा मागितली, आणि इ. स. २०१५ मध्यें सत्यशोधन आयोगानें आपला अहवाल पुरा केला.

ती माणसें दुष्टच होतीं असें नाहीं. पुष्कळांना वाटत होतें कीं आपण मुलांचें कल्याण करीत आहों. हीच ह्या गोष्टींतील भीतिदायक बाब आहे. शिकविणाऱ्याच्या मनांत प्रीति असली, पण शिकणाऱ्याच्या घराविषयीं आदर नसला, तर ती प्रीतिही मुलाला मोडूं शकते. मार्काच्या दहाव्या अध्यायांतील शिष्यांनाही वाटलें कीं मुलांस दूर सारून आपण प्रभूची सेवा करितों; आणि प्रभु त्यांच्यावर रागावला.

४. विद्या व बोली यांचें वैर नाहीं

येथें आपल्यांतीलच कोणी बंधु म्हणेल, “पाळकबुवा, बोलीनें पोट भरत नाहीं. आमच्या पोरांनीं मराठी शिकावी, इंग्रजी शिकावी, नोकरी करावी.” हें म्हणणें अगदीं खरें आहे. दानीएलही राज्यकर्त्यांची भाषा शिकलाच. प्रश्न इतकाच कीं, ती शिकण्याची पायरी कोणती? ज्या भाषेंत मुलाला विचार करतां येतो, तीच पहिली पायरी. पेन्टेकॉस्टच्या दिवशीं देवाच्या आत्म्यानें सर्व लोकांस एकच भाषा बोलावयास लाविलें नाहीं. प्रत्येकानें सुवार्ता आपापल्या जन्मभाषेंत ऐकिली.

आपल्या प्रांतांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं इ. स. १९४५ मध्यें बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें, आणि १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेंकडीवर वारली वस्तींत नेलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून त्यांनीं शाळा मुलांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. पानें, फुलें, खडे, बिया ह्याच त्यांच्या पाट्या व पुस्तकें. ओडिशा राज्यानें २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलें, व त्यांतून मुलांस हळूहळू उडिया व इंग्रजीकडे नेण्याची रीति घातली.

कायदाही ह्याच बाजूचा आहे. राज्यघटनेंत इ. स. १९५६ मध्यें घातलेलें कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी असें सांगतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत, शक्य तितकें शिक्षण मुलाच्या मातृभाषेंतून असावें असें म्हटलें आहे. आणि मुलाला मारणें किंवा त्याचा मानसिक छळ करणें ह्यास त्याच कायद्यानें मनाई आहे.

५. शरीर व मन

दानीएलाच्या कारभाऱ्यानें मुलांचे चेहरे पाहिले. ते उतरले आहेत कीं तजेलदार आहेत, ह्यावरून त्यानें निर्णय केला. आपणही चेहरा पाहावयास शिकूं या.

जें मूल वारंवार थकतें, ज्याचे सांधे व हाडें दुखतात, ज्याचे डोळे पिवळसर दिसतात, त्याला आळशी म्हणूं नका. आपल्या आदिवासी भागांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजार आढळतो. तो आईबापांकडून येतो. तो शाप नव्हे व संसर्गानें पसरतही नाहीं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्ताची तपासणी होते. अशा मुलानें भरपूर पाणी प्यावें, थंडीपासून जपावें, आणि ताप आल्यास किंवा फार दुखूं लागल्यास त्याला विलंब न करतां दवाखान्यांत न्यावें. ही गोष्ट अधीक्षकांच्या व गुरुजींच्या कानावर घालणें हें पालकाचें काम आहे.

मनाचेंही दुखणें असतें. पहिल्या महिन्यांत मूल रात्रीं रडतें, अंथरूण ओलें करितें, जेवण टाकतें, किंवा पळून घरीं येतें. पळून आलेल्या मुलाला मारून परत धाडूं नका. आधीं विचारा : कोणीं मारलें काय? कोणीं हिणवलें काय? कोणीं अंगाला वाईट हात लावला काय? मूल जें सांगेल त्यावर विश्वास ठेवा. खरोखर धोका असेल तर १०९८ ह्या क्रमांकावर मुलांसाठीं मदत मिळते. तो दूरध्वनि फुकट आहे.

६. मंडळीनें काय करावें

पहिलें : मुलांस एकटें पाठवूं नये. एका पाड्याचीं दोन-चार मुलें एकाच शाळेंत, शक्य तर एकाच खोलींत राहतील असें पाहावें. मोठ्या मुलाकडे लहानाला सोंपवावें.

दुसरें : उपदेशकानें महिन्यांतून एकदां आईबापांसह शाळेंत जावें. प्रत्येक शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति असते. कायद्याप्रमाणें तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्मे सभासद स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या बहिणींनीं तेथें बसावें, आणि जेवण, निजण्याची जागा, पाणी ह्यांविषयीं दानीएलाप्रमाणें नम्रपणें पण स्पष्ट बोलावें.

तिसरें : बोलींतील पन्नास-शंभर शब्द मराठी अर्थासह लिहून नव्या गुरुजींस भेट द्यावे. पाणी, भूक, दुखतें, बाहेर जावयाचें आहे, आई : एवढ्यानेंही पहिला आठवडा तरून जाईल.

चौथें : शब्बाथशाळेंत मुलांच्या बोलीला हंसूं नये. पाड्यावरील आजीला बोलावून जंगलाच्या व पूर्वजांच्या गोष्टी सांगावयास लावाव्या. भक्तिगीत बोलींतही गावें.

पांचवें : दिवाळीनंतर जीं कुटुंबें ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जातात, त्यांचीं मुलें मागें कोणाकडे राहतील तें आधींच ठरवावें. एका ख्रिस्ती घरानें एक मूल ठेवून घेतलें तर त्याचें वर्ष वांचेल.

सहावें : ही सेवा पाड्यांतील प्रत्येक मुलाची करावी, तें ख्रिस्ती असो वा नसो. मदतीला कसलीही अट लावूं नये. गळाला आमिष लावतात तशी प्रीति करूं नये. प्रभूनें मुलांस कवेंत घेतलें तेव्हां त्यांच्या आईबापांचा धर्म विचारला नाहीं.

वर्गासाठीं प्रश्न

१. दानीएलानें बाबेलांत काय स्वीकारलें व काय नाकारलें? त्याची बोलण्याची रीति कशी होती?
२. आपल्या गांवाच्या शाळेंत त्या कारभाऱ्यासारखा ऐकणारा माणूस कोण आहे? आपण त्याला कधीं भेटलों काय?
३. कॅनडांतील मंडळ्यांची चूक आपल्या घरांत किंवा शब्बाथशाळेंत लहान रूपानें होते काय?
४. आपल्या पाड्यांतून ह्या वर्षीं कोणकोणतीं मुलें शाळेस गेलीं? त्यांचीं नांवें पाठ आहेत काय?

प्रार्थना

हे पित्या, तूं प्रत्येक लेंकराला त्याच्या नांवानें ओळखतोस. आमच्या पाड्यांतून दूर गेलेल्या मुलांवर तुझी दृष्टि असूं दे. त्यांच्या गुरुजनांस ऐकणारें मन दे, त्यांच्या आईबापांस धीर दे, आणि आम्हांस त्यांच्या दारापर्यंत चालत जाण्याचें बळ दे. प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.