लहान संगणकावरील दूरध्वनी केंद्र : कीड-सल्ल्यासाठी मुक्तस्रोत प्रणालीचा उपयोग

कीड व्यवस्थापनात सल्ला अचूक असावा लागतो, तसाच तो वेळेवरही मिळावा लागतो. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ किंवा अधिक पतंग सापडणे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीत बोंडात शिरते. एकदा ती आत गेली की बाहेरून केलेल्या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे सापळ्यातील आकडा संशोधन केंद्रापर्यंत पोहोचणे आणि त्यावरील सल्ला शेतापर्यंत परतणे या दोन्ही गोष्टी मोजक्या दिवसांत घडाव्या लागतात.

देशपातळीवर किसान कॉल सेंटरची सेवा २१ जानेवारी २००४ पासून १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तथापि, या आठवड्यात या परिसरातील सापळ्यांत काय आढळले, हे स्थानिक केंद्रच सांगू शकते. अशा केंद्रासाठी अल्प खर्चात आणि अल्प विजेवर चालणारे स्वतःचे दूरध्वनी केंद्र कसे उभारता येते व त्यात कोणती दक्षता आवश्यक असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही प्रणाली लिहिण्यास आरंभ केला. लिनक्ससंबंधी साहाय्य देणाऱ्या त्यांच्या नवोदित व्यवसायाला दूरध्वनी केंद्राची गरज होती, परंतु बाजारातील यंत्रणेची किंमत परवडणारी नव्हती. त्यांनी साध्या संगणकालाच ईपीएबीएक्सचे काम करायला लावले आणि त्याची संहिता सर्वांसाठी खुली ठेवली. आज ही प्रणाली परवाना शुल्काविना वापरता येते व गरजेनुसार बदलता येते.

दुसरा घटक म्हणजे तळहातावर मावणारा संगणक. विद्यार्थ्यांना संगणनाची गोडी लागावी या हेतूने ब्रिटनमध्ये तयार झालेला ‘रास्पबेरी पाय’ २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलर किमतीस विक्रीस आला. जून २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत चार गाभ्यांचा प्रक्रियक आहे. लहान कार्यालयाच्या दूरध्वनी केंद्रासाठी ही क्षमता पुरेशी ठरते.

कार्यपद्धती

इंटरनेट दूरध्वनीत दोन कामे स्वतंत्रपणे चालतात. घंटा वाजवणे, फोन उचलल्याची सूचना देणे व संभाषण संपवणे ही कामे ‘सिप’ या संकेतपद्धतीने होतात. प्रत्यक्ष आवाज मात्र लहान लहान पुड्यांच्या स्वरूपात वेगळ्या प्रवाहातून जातो. प्रचलित जी.७११ पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुना ८ बिटचा असल्याने प्रवाह ६४ किलोबिटचा होतो. दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पुड्या पाठवल्या जातात. प्रत्येक पुडीवरील पत्त्याचा भार धरता एका संभाषणास प्रत्येक दिशेने सुमारे ८० ते ९० किलोबिट लागतात. यावरून एकाच वेळी १० संभाषणे चालली, तरी प्रत्येक दिशेला १ मेगाबिटपेक्षा कमी वहनक्षमता पुरते.

सर्व उपकरणे एकच ध्वनिपद्धती वापरत असतील, तर संगणकावर फारसा ताण येत नाही. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करावे लागले, तर मात्र प्रक्रियकाचा वापर वाढतो. म्हणून आरंभीच सर्व फोनसाठी एक पद्धती ठरवणे हिताचे.

कोणता क्रमांक फिरवल्यावर काय घडावे, हे ‘डायल प्लॅन’मध्ये ओळीओळीने लिहिलेले असते. कीड-सल्ल्याच्या क्रमांकाचा क्रम असा ठेवता येईल : फोन उचलणे, स्वागताचा संदेश ऐकवणे, १ दाबल्यास आठवड्याचा सल्ला ऐकवणे, २ दाबल्यास सापळ्याचा क्रमांक व पतंगांची संख्या कळफलकावरून स्वीकारून ती दिनांकासह नोंदवणे, ३ दाबल्यास कार्यालयीन वेळेत तज्ज्ञांशी जोडून देणे. नोंदलेले आकडे पुन्हा ऐकवून ‘बरोबर असल्यास १ दाबा’ अशी खातरजमा करून घेणे अत्यावश्यक आहे. ८ ऐवजी ८८ अशी नोंद झाल्यास संपूर्ण परिसराचा सल्ला चुकू शकतो.

या कामासाठी स्मार्टफोनची आवश्यकता नाही, साधा मोबाइलही चालतो. गुजरातमधील ‘आवाज ओटलो’ या ध्वनिसेवेच्या ५१ शेतकऱ्यांसह सात महिने चाललेल्या अभ्यासातून लहान शेतकरी साध्या फोनवरून अशी सेवा वापरू शकतात, हे दिसून आले. त्याच सुमारास झालेल्या तुलनेत बोलून उत्तर देण्यापेक्षा कळ दाबून उत्तर देणे शेतकऱ्यांना अधिक यशस्वीपणे जमले.

विजेचे गणित

चौथ्या आवृत्तीचा रास्पबेरी पाय अशा कामात सरासरी ५ वॅटच्या आसपास वीज घेतो. त्याच कामासाठी जुना टेबल-संगणक अहोरात्र चालू ठेवल्यास ६० ते ८० वॅट लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे दीड ते दोन युनिट. परंतु केवळ संगणक चालू राहून दूरध्वनी चालू राहत नाही. राउटर बंद पडला की केंद्र मुके होते. म्हणून राउटरचे सुमारे ७ वॅट धरून एकूण भार १२ वॅट मानावा. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ४८० वॅट-तास ऊर्जा असते. बॅटरीच्या आयुर्मानासाठी त्यातील निम्मीच वापरावी. रूपांतरातील घट वजा जाता साधारण १७ तास सेवा मिळते. टेबलावरील प्रत्येक इंटरनेट फोनला आणखी २ ते ४ वॅट लागतात. त्यामुळे वीज गेल्यावर कोणता फोन चालू राहावा, हे आधीच ठरवावे.

बिघाडाच्या नेहमीच्या जागा

पहिली जागा मेमरी कार्डाची. सतत नोंदी लिहिल्याने व अचानक वीज गेल्याने कार्ड खराब होते. नोंदींचे प्रमाण मर्यादित ठेवावे, शक्य असल्यास एसएसडी जोडावी आणि चालू अवस्थेतील कार्डाची तंतोतंत प्रत कपाटात तयार ठेवावी. कार्ड बदलून काही मिनिटांत केंद्र पूर्ववत होते, ही लहान संगणकाची मोठी सोय आहे.

दुसरी जागा घड्याळाची. २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या रास्पबेरी पायमध्ये वीज गेल्यानंतर वेळ राखणारे घड्याळ नव्हते. इंटरनेटही बंद असल्यास नोंदींवर चुकीची तारीख पडते. ‘सलग ३ रात्री’ हा ज्या निर्णयाचा आधार आहे, तेथे तारीख चुकणे म्हणजे निर्णय चुकणे. अल्प किमतीचे घड्याळाचे जोड-उपकरण बसवल्यास हा दोष टळतो.

तिसरी जागा सुरक्षिततेची. सिपसाठी सामान्यतः वापरला जाणारा ५०६० हा पोर्ट खुला दिसताच दूरस्थ घुसखोर परवलीचे शब्द आजमावू लागतात. प्रवेश मिळाल्यास ते संस्थेच्या खर्चाने परदेशी महागडे कॉल लावतात. अंतर्गत क्रमांक व परवलीचा शब्द एकच ठेवू नये, केंद्र थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये आणि आंतरराष्ट्रीय कॉल मुळातच बंद ठेवावेत.

चौथी बाब आवृत्तीची. अ‍ॅस्टरिस्कची २१ वी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि तीत ‘चॅन-सिप’ हा जुना घटक काढून टाकण्यात आला. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतील सूचना नव्या आवृत्तीत चालत नाहीत. ‘पीजेसिप’वर आधारित मांडणीच करावी. दीर्घकालीन साहाय्य असलेली आवृत्ती निवडणे श्रेयस्कर.

कायद्याची चौकट

कार्यालय, प्रयोगशाळा व प्रक्षेत्र यांना संस्थेच्या आवारातील जाळ्यातून जोडणे हा अंतर्गत दूरध्वनीचा भाग आहे. शेतकऱ्यांचे कॉल स्वीकारायचे असतील, तर सार्वजनिक जाळ्याशी जोडणी परवानाधारक सेवापुरवठादाराकडूनच, संस्थेच्या नावे घेतलेल्या क्रमांकावर आणि त्याच्या लेखी अटींनुसार घ्यावी. अनेक सिमकार्डे बसवलेल्या पेटीतून इंटरनेटवरील कॉल मोबाइल जाळ्यात सोडणे हे अनधिकृत दूरध्वनी केंद्र ठरते व त्यावर फौजदारी कारवाई होते. स्वस्त पडते म्हणून हा मार्ग कोणत्याही केंद्राने स्वीकारू नये.

संदेशाची भाषा

दूरध्वनीवर पारंपरिकपणे सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचतो. ‘स’ या वर्णाची बरीचशी ऊर्जा याहून वरच्या पट्ट्यात असते. परिणामी ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील भेद फोनवर पुसट होतो. एखाद्या कीटकनाशकाची मात्रा सांगताना ही संदिग्धता घातक ठरू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे विसरता येणार नाही. म्हणून प्रत्येक मात्रा शब्दात व नंतर अंक सुटे करून, अशी दोनदा सांगावी : ‘साठ मिलिलिटर, म्हणजे सहा-शून्य’. पाण्याचे प्रमाण त्याच वाक्यात यावे. हातमोजे, मुखपट्टी व वाऱ्याची दिशा यांची सूचना मात्रेच्या आधी द्यावी. विषबाधेची लक्षणे असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे स्वागताच्या संदेशातच सांगावे. त्यासाठी कोणतीही कळ दाबावी लागू नये.

संदेश एक मिनिटाहून मोठा नसावा. ८,००० हर्ट्झ, १६ बिट, एकपदरी ध्वनिमुद्रणात एक मिनिटाला १ मेगाबाइटहून थोडी कमी जागा लागते. त्यामुळे संपूर्ण हंगामाचे संदेश जपून ठेवणे अवघड नाही. प्रत्येक संदेशाच्या आरंभी दिनांक सांगावा आणि मुदत संपलेला संदेश आपोआप बंद होईल अशी व्यवस्था डायल प्लॅनमध्येच करावी. मागील आठवड्याचा सल्ला या आठवड्यात ऐकू येणे हे फोन न लागण्यापेक्षा अधिक हानिकारक आहे.

आरंभ कसा करावा

प्रथम केवळ आवारातील दोन फोन जोडून एक महिना चाचणी घ्यावी. या काळात वीजपुरवठा मुद्दाम तोडून केंद्र आपोआप पूर्ववत सुरू होते का, नोंदींची तारीख बरोबर राहते का, हे पाहावे. त्यानंतर सापळ्यांची पाहणी करणाऱ्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी आकडे नोंदवण्याची सोय सुरू करावी. त्यांच्या नोंदी हस्तलिखित नोंदवहीशी ताडून जुळल्यानंतरच शेतकऱ्यांसाठी क्रमांक जाहीर करावा. कार्ड बदलणे, संदेश मुद्रित करणे व नोंदी उतरवून घेणे ही तीन कामे किमान दोन कर्मचाऱ्यांना आली पाहिजेत. सापळ्यांची पाहणी पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी सुरू होते. केंद्राची चाचणी त्यापूर्वी पूर्ण झालेली असावी.