गाडीचा खरा ॲव्हरेज काढा, मगच फ्री डिलिव्हरीला "हो" म्हणा



या वेळच्या व्हिडिओत फळ्यावर जे गणित मांडलं, ते इथे सगळ्या आकड्यांसह देतोय. विषय गाडीच्या ॲव्हरेजचा आहे. पण आपल्याला गाडीच्या शौकाशी घेणं नाही, आपल्याला गल्ल्याशी घेणं आहे. वही-पेन घेऊनच वाचा.

तीन हजारांच्या ऑर्डरवर काय उरलं?

समजा, न्हावऱ्यात तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि माल पोचवायला पेट्रोलवरची मारुती ईको आहे. शिरूरहून गिऱ्हाइकाचा फोन येतो, "शेठ, तीन हजारांचा माल घेतो, पण पोच करून द्या. भाडं नका लावू." ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून तुम्ही हो म्हणता.

आता हिशेब करू. मार्जिन १० टक्के, म्हणजे ३०० रुपये. शिरूरला जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरा. पेट्रोल हिशेबापुरतं १०५ रुपये लिटर धरू, तुम्ही तुमच्या पंपावरचा आजचा भाव घाला.

- कंपनीचा ॲव्हरेज लिटरला १९.७१ किमी धरला, तर पेट्रोल २१३ रुपयांचं. हातात राहिले ८७.
- गाडी प्रत्यक्षात १४ देत असेल, तर पेट्रोल ३०० रुपयांचं. हातात राहिलं शून्य.

टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, ड्रायव्हरचा पगार अजून धरलेलाच नाही. म्हणजे दिवसभर धंदा झाला, गाडी पळाली, गिऱ्हाईक खूश, आणि तुम्ही मात्र पदरमोड करून माल पोचवला. महिनाअखेरीला "विक्री तर होतेय, मग पैसा जातो कुठे?" हा प्रश्न पडतो ना, त्याचं एक उत्तर इथे आहे.

कंपनीचा आकडा खोटा नसतो, पण तो तुमचा नसतो

बरेच जण म्हणतात, कंपनी फसवते. तसं नाही. आपल्याकडे गाडीच्या मायलेजचा जो आकडा जाहिरातीत येतो, तो ठरलेल्या चाचणीतून येतो. ही चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तर आपल्या पुण्यातच, कोथरूडला आहे, १९६६ पासून. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर धावते. कधी वेग वाढवायचा, कधी कमी करायचा, किती सेकंद थांबायचं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. या पद्धतीचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे आद्याक्षरांनी एमआयडीसी! आपल्या रांजणगावच्या एमआयडीसीशी तिचा काही संबंध नाही. तिच्यात वेग ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. वाघोलीचं ट्रॅफिक नाही, स्पीडब्रेकर नाहीत, मागे सिमेंटच्या गोण्या नाहीत.

मग त्या आकड्याचा उपयोग काय? दोन गाड्यांची तुलना. सगळ्या पोरांना एकच पेपर दिला तर कोण पुढे, कोण मागे ते कळतं. गाडी घेताना तो आकडा जरूर बघा. पण धंद्याचा हिशेब मांडताना तो आकडा वहीत घ्यायचा नाही.

दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपला भाग उसाचा, त्यामुळे हे आपल्याला चांगलंच माहीत आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अंदाज दिला होता की जुन्या धाटणीच्या चारचाकीचा ॲव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतो, आणि या इंधनासाठी जुळवलेल्या गाडीचा १ ते २ टक्क्यांनी. हे ड्रायव्हरच्या हातात नाही. म्हणून तीन-चार वर्षांपूर्वीचा ॲव्हरेजसुद्धा आजच्या हिशेबाला चालणार नाही. आजचा काढा.

खरा ॲव्हरेज कसा काढायचा?

पद्धत सोपी आहे, फक्त शिस्त लागते.

१. टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. "राउंड फिगर करू का?" याला नाही म्हणा.
२. मीटरचं रीडिंग वहीत लिहा. समजा ४२,३१०.
३. गाडी रोजच्यासारखी वापरा. ॲव्हरेज काढायचाय म्हणून मुद्दाम जपून चालवू नका.
४. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तशीच टाकी फुल करा. रीडिंग ४२,६६० आलं आणि २५ लिटर पेट्रोल बसलं, तर ३५० भागिले २५, म्हणजे १४.
५. असं सलग चार-पाच वेळा करा. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार. तो तुमचा ॲव्हरेज.

पाचशे-पाचशेचं पेट्रोल टाकत राहिलात तर हे जमणार नाही, कारण टाकीत आधी किती होतं तेच माहीत नसतं. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावरही विसंबू नका, एकदा वहीशी ताडून बघा. सीएनजी असेल तर किलोमागे किती किमी ते काढा. लिटर आणि किलो यांची सरळ तुलना करायची नाही. शिवाय बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू होताना पेट्रोल घेतात, तो खर्च वेगळा लिहा.

आता तो आकडा उलटा करा

"गाडी किती देते?" हा प्रश्न गप्पांचा झाला. धंद्याचा प्रश्न आहे, "किलोमीटरला किती खाते?" १०५ भागिले १४, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. दुकानात भिंतीवर हा आकडा लिहून ठेवा.

उलटा का करायचा, ते बघा. महिन्याला २,००० किमी धावणारी गाडी १८ वरून २० वर गेली, तर ११ लिटर वाचतात. १२ वरून १४ वर गेली, तर जवळजवळ २४ लिटर वाचतात. दोन्हीकडे फरक दोनचाच, पण बचत दुपटीहून जास्त. म्हणजे ज्याची गाडी कमी ॲव्हरेज देते, त्याने सुधारणा केली तर त्याचा फायदा सगळ्यात मोठा. जुनी गाडी आहे म्हणून सोडून देऊ नका.

आपली ईको १४ वरून १६ वर आली, तर २,००० किमीला १५,००० ऐवजी १३,१२५ रुपयांचं पेट्रोल लागेल. महिन्याला १,८७५, वर्षाला साडेबावीस हजार. एवढा निव्वळ नफा कमवायला १० टक्के मार्जिनवर सव्वादोन लाखांचा माल विकावा लागतो.

पैसे कुठे गळतात?

*ब्रेकमध्ये.* सगळ्यात मोठी गळती इथे. माल धरून १,३०० किलोची गाडी शून्यावरून ७० च्या वेगावर न्यायला जी ताकद लागते, तिच्यासाठी इंजिन साधारण ३० मिली पेट्रोल जाळतं. म्हणजे तीन रुपये. ब्रेक मारून थांबलात की ते तीन रुपये ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता होऊन गेले, परत मिळत नाहीत. सीझनमध्ये शिरूर–चौफुला रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन चाललेले असतात. पोरं काय करतात? ट्रॉलीच्या बुडाला जाऊन भिडतात, ब्रेक मारतात, जागा दिसली की जोरात पिकअप घेतात, पुढच्या ट्रॅक्टरला परत तेच. त्याऐवजी लांबून ट्रॉली दिसली की ॲक्सिलरेटर सोडा, अंतर ठेवा, गाडी चालती राहू द्या. समोरचा रस्ता खरोखर मोकळा दिसला तरच पुढे काढा. पेट्रोलही वाचतं आणि जीवही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे अशा धसमुसळ्या चालवण्याने हायवेवर १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये १० ते ४० टक्के ॲव्हरेज जातो.

*वेगात.* हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ऐवजी ८० ने गेलात, तर हवेचा जोर पावणेदोन पटीच्या वर जातो. ईकोसारख्या डब्यासारख्या गाडीला तो जास्तच जाणवतो. आणि वेळ किती वाचतो? ३० किमीच्या मोकळ्या पट्ट्यावर साडेसात मिनिटं. पुढे वाघोलीच्या सिग्नलला ती जातातच.

*उभ्या गाडीत.* छोटं पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर घेतं, एसी लावला तर आणखी. माल उतरवताना, गप्पा मारताना रोज अर्धा तास इंजिन चालू राहिलं, तर महिन्याला आठशे रुपये गेले.

*न्यूट्रलमध्ये.* उतारावर गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, हा समज अजून आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की वेग पुरेसा असेपर्यंत इंजिनाला पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. शिवाय माल भरलेली गाडी दिवे घाटात न्यूट्रलवर सोडणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर. हे करायचंच नाही.

*टायर, ओझं, एसी.* हवा कमी असेल तर ॲव्हरेज थोडाच कमी होतो, पण टायर लवकर झिजतो आणि तो खर्च मोठा. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. माल भरल्यावरचा आकडा वेगळा असतो, तो बघा. रिकामं कॅरिअर टपावर वागवत फिरू नका, हायवेला ते हवा अडवतं. उन्हाळ्यात एसी बंद ठेवून ड्रायव्हरला भाजू नका. आधी दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा.

ड्रायव्हर ठेवला असेल तर

"दादा, गाडी जरा सांभाळून चालवा," असं नुसतं म्हणून काही होत नाही. आकडा दाखवा. "दादा, मागच्या महिन्यात गाडीने १४ दिला. या महिन्यात १६ दिला तर अठराशे वाचतात, त्यातले पाचशे तुमचे." वही त्यांच्यासमोर उघडी ठेवा.

यात दोन पथ्यं आहेत. एक, भरल्या मालाची पुणे फेरी आणि मोकळी गावातली फेरी यांची तुलना करू नका, माणसाला अन्याय वाटतो. आणि दोन, तुम्हीच दर दहा मिनिटांनी "कुठंपर्यंत आलात?" म्हणून फोन केला, तर ते पाय दाबणारच. वेळ देताना खरी द्या.

सगळ्यात स्वस्त किलोमीटर कोणता?

जो धावलाच नाही तो. चांगला पाय १० ते १५ टक्के वाचवेल, चांगलं नियोजन अख्खी फेरी वाचवेल. सकाळी उरळगाव, दुपारी निमोणे, संध्याकाळी परत उरळगाव असं करण्यापेक्षा गावांचे वार ठरवा आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा. छोट्या-छोट्या फेऱ्यांत इंजिन थंड असतं, तेव्हा ते पेट्रोलही जास्त घेतं.

आता सुरुवातीच्या त्या फोनकडे परत बघा. साडेसात रुपये पेट्रोल, वर टायर-सर्व्हिसिंगचे समजा तीन, म्हणजे साडेदहा रुपये किलोमीटर. ४० किमीला ४२० रुपये. पोचवण्याचा खर्च मार्जिनच्या अर्ध्याच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं, तर मार्जिन निदान ८४० हवं, म्हणजे बिल ८,४०० चं. तीन हजारवाल्याला सरळ सांगा, "साहेब, गुरुवारी शिरूरची गाडी आहे, त्यात फुकट पाठवतो. आजच हवं असेल तर भाडं लागेल." तीन हजारांच्या तीन ऑर्डरी एका फेरीत गेल्या की बिल ९,००० झालं. तेच गिऱ्हाईक, तोच रस्ता, पण आता धंदा नफ्यात. बहुतेक गिऱ्हाइकं गुरुवार मान्य करतात. कारण सांगितलं की माणसं ऐकतात.

गृहपाठ

एक साधी वही घ्या. पाच रकाने आखा: तारीख, मीटर रीडिंग, लिटर, रुपये, शेरा. शेऱ्यात "पुणे फेरी", "जास्त माल", "ट्रॅफिक" एवढंच लिहा. महिनाभर भरा. पहिले पंधरा दिवस चालवण्यात काहीच बदल करू नका, पुढचे पंधरा दिवस फक्त दोन सवयी बदला: अंतर ठेवायचं आणि थांबल्यावर इंजिन बंद करायचं. शक्यतो दोन्ही वेळेला माल आणि रस्ते सारखे असू द्या. महिनाअखेरीला तुमचा किलोमीटरचा रेट काढा, आणि त्यावरून फ्री डिलिव्हरीसाठी कमीत कमी बिल किती हवं ते ठरवा. तो आकडा काउंटरवर लावा.

ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही त्यांनी हेच गणित आधी कागदावर करा, शोरूमचा आकडा न धरता, तशीच गाडी तशाच कामाला वापरणाऱ्या दोन-तीन दुकानदारांना विचारून. कर्जाचा हप्ता त्यानंतर बघू.