'का?' जरूर विचारा, पण गोळी थांबवू नका

पन्हाळ्यात प्रॅक्टिस करताना सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेला शब्द म्हणजे 'का?'. गोळी का? जन्मभर का? मलाच का? दुपारी एक वाजता तोच प्रश्न चौथ्यांदा आला की डॉक्टरचाही पारा चढतो, हे मी कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी साठीचे एक शेतकरी मामा येत. रक्तदाब १७०/१०६. दर खेपेला म्हणत, "डॉक्टर, मला कायबी हुईना, मग गोळी कशाला?" एकदा मी वैतागून म्हणालो, "मी सांगतो म्हणून!" मामा गप्प झाले आणि पुढे आलेच नाहीत. गोळीही त्यांनी बंद केली. सहा महिन्यांनी उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांना कोल्हापूरला हलवावे लागले. तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आज देतो.

त्रास का होत नाही? उसाला पाणी देणाऱ्या पाइपात दाब वाढला तरी बाहेरून काही दिसत नाही. सांधा मात्र कमजोर होत जातो आणि एक दिवस फुटतो. रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळे यांना आतल्या आत इजा होत राहते.

मलाच का? बहुतेकांत एकच एक कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, जादा मीठ, वजन, दारू, बैठे काम यांचा तो मिळून परिणाम असतो.

जन्मभर का? गोळी दाब ताब्यात ठेवते, मुळापासून घालवत नाही. दाब १३०/८० आला म्हणजे रोग गेला असे नव्हे, तर गोळी काम करते आहे. वजन व मीठ घटवल्यास डोस कमी होऊ शकतो, पण तो डॉक्टरांनी करावा.

दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत हवे. त्यात लोणचे, पापड, खर्डा सगळे आले. तपासणीपूर्वी पाच मिनिटे शांत बसा. गड चढून आल्या आल्या हात पुढे करू नका.

मामा आता काठी टेकत येतात, गोळी नेमाने घेतात. चिठ्ठी लिहिण्याआधी मीच विचारतो, "मामा, काही विचारायचंय?"

वाचकहो, तुम्हीही विचारा. उत्तर पटेपर्यंत विचारा. मात्र तोवर गोळी चालू ठेवा.