आजोबांची फियाट: मूळ रूप की नवे इंजिन?

प्रश्न : आजोबांची १९७२ ची फियाट दुरुस्त करायची आहे. मेकॅनिक नवे इंजिन बसवा म्हणतो. काय करावे? – एक वाचक, तात्यापारा, रायपूर

उत्तर : इंजिन बदलू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले ते १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, हीच त्या गाडीची ओळख. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसेल तरच. अर्थात, अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे आधी घरात बोलून घ्या.

रंगाची घाई नको. डिकीच्या कडेचे रबर उचला. खाली कारखान्यातला मूळ रंग बहुधा सापडतो. त्यावरूनच छटा जुळवून घ्या.

सुरक्षेत मात्र हट्ट नको. ब्रेकचे होज, वायरिंग, टायर नवेच हवेत, सीटबेल्टही लावा. पत्रा न कापता बसणारी आणि पुन्हा काढता येणारी सोय मला मान्य आहे. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा.