नव्वद किलोमीटरांचा हिशेब



दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग ही नावे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली असतील. १८९३ साली डर्बनहून निघालेल्या गांधीजींना पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही गाडीतून उतरवण्यात आले, ते पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावर. याच दोन शहरांमधील रस्त्यावर धावण्याची एक विलक्षण शर्यत होते. तिचे नाव ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ विक क्लॅपम या माजी सैनिकाने ती सुरू केली. २४ मे १९२१ रोजी झालेल्या पहिल्या शर्यतीत ३४ जण धावले आणि त्यांपैकी १६ जणच शेवटपर्यंत पोहोचले.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. त्याहून लांबच्या शर्यतीला ‘अल्ट्रामॅरेथॉन’ म्हणतात. कॉम्रेड्सचे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. तीत आज हजारो लोक धावतात आणि त्यांतले बहुतेक हौशी असतात. कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी दुकानदार. सध्या त्यांना १२ तासांची मुदत असते. १२ तास पुरे झाले की बंदुकीचा बार होतो आणि शर्यत संपते. एका सेकंदाने मागे राहिलेल्यालाही पदक मिळत नाही.

मग हौशी माणसाने अशा शर्यतीची तयारी करावी तरी कशी? ‘जोरात पळायला शिकावे’ असे तुम्ही म्हणाल. पण थोडा हिशेब मांडला तर उत्तर अगदी निराळे येते.

ऊर्जा किती लागते?

सपाट रस्त्यावर धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. धावणाऱ्याचे वजन ६० किलोग्रॅम धरू. मग,

६० × ९० = ५,४०० किलोकॅलरी.

गंमत अशी, की तो सावकाश धावला काय किंवा वेगाने धावला काय, हा आकडा फारसा बदलत नाही. बदलते ती शक्ती, म्हणजे ऊर्जा खर्च करण्याचा दर. ताशी ७.५ किलोमीटर वेगाने त्याला ९० किलोमीटरला १२ तास लागतील आणि तासाला ४५० किलोकॅलरी लागतील. ताशी १२ किलोमीटर वेगाने साडेसात तास लागतील, पण तासाला ७२० किलोकॅलरी लागतील. ऊर्जा आणि शक्ती यांतील हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

चुलीतले जळण

शरीरात जळणाचे मुख्य साठे दोन. पहिला ग्लायकोजेनचा. पिष्टमय अन्नापासून तयार झालेला हा पदार्थ स्नायूंत आणि यकृतात असतो. तो ४५० ग्रॅम धरला, तर ग्रॅमला ४ प्रमाणे १,८०० किलोकॅलरी झाल्या. म्हणजे शर्यतीच्या गरजेच्या एकतृतीयांश. दुसरा साठा चरबीचा. अंगात ६ किलोग्रॅम चरबी असली, तरी ग्रॅमला ९ प्रमाणे ५४,००० किलोकॅलरी होतात, म्हणजे गरजेच्या दहापट! ही सगळी चरबी खर्च करता येत नाही हे खरे, पण तुटवडा चरबीचा नाही.

मग अडचण कुठे आहे? चुलीचे उदाहरण घ्या. काटक्या भडकन पेटतात आणि लवकर संपतात. ओंडका पुष्कळ वेळ पुरतो, पण त्याची आच मंद, आणि तो पेटता राहायला थोड्या काटक्या लागतातच. ग्लायकोजेन म्हणजे काटक्या आणि चरबी म्हणजे ओंडका. शक्ती थोडी लागत असेल तर ओंडक्यावर भागते. ती जास्त लागू लागली, की शरीर काटक्या भराभर ओढते.

आता दोन धावणारे घेऊ. दोघेही वाटेत तासाला ४० ग्रॅम साखर पोटात घेतात, म्हणजे १६० किलोकॅलरी. संथ धावणाऱ्याची निम्मी ऊर्जा पिष्टमय साठ्यातून येते असे समजा. त्याचा तासाचा खर्च २२५ आणि जमा १६०. साठ्यातून दर तासाला फक्त ६५ किलोकॅलरी कमी होतात. १२ तासांत ७८० गेल्या, तरी हजारावर शिल्लक राहतात. वेगाने धावणाऱ्याची ८० टक्के ऊर्जा याच साठ्यातून येते असे समजा. त्याचा तासाचा खर्च ५७६, जमा १६०, तूट ४१६. १,८०० किलोकॅलरींचा साठा सव्वाचार तासांत, म्हणजे सुमारे ५२ व्या किलोमीटरला संपतो! मग पाय जड होतात, डोके सुन्न होते. पुढचे ३८ किलोमीटर त्याला जवळजवळ ओंडक्याच्या मंद आचेवरच काढावे लागतात. बंदुकीचा बार त्याला वाटेतच ऐकू आला, तर नवल नाही.

हे टक्के केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. ते माणसागणिक आणि सरावागणिक बदलतात. पण तत्त्व पक्के आहे. म्हणून हौशी धावपटूला पहिला सल्ला असा: आरंभी वेग आवरा. शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलत धावता येत असेल, तर वेग ठीक आहे. धाप लागून वाक्य तुटू लागले, की काटक्या जळू लागल्या असे समजावे. दुसरा सल्ला: पहिल्या तासापासून थोडे थोडे खात जा. साठा रिकामा झाल्यावर खाऊन तूट लवकर भरून निघत नाही.

सराव म्हणजे काय?

सरावाने ही चूलच सुधारते. अनेक महिने संथ आणि लांब धावल्यावर स्नायूंतील तंतुकणिकांची, म्हणजे पेशींतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांची, संख्या वाढते. केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो. आर्थर न्यूटन हा नाताळमधील शेतकरी १९२२ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, पहिल्यांदा कॉम्रेड्समध्ये उतरला आणि जिंकला. पुढे आणखी चार वेळा जिंकला. त्याचा भर लांब आणि संथ सरावावरच होता.

मात्र घाई चालत नाही. हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात, पण हाडे आणि स्नायुबंध यांना जास्त वेळ लागतो. म्हणून आठवड्याचे अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये असा एक ठोकताळा आहे. आठवड्याला ३० किलोमीटर धावणारा या गतीने ८० किलोमीटरवर केव्हा पोहोचेल? चक्रवाढ व्याजाचे सूत्र लावा, सुमारे ११ आठवडे येतील. मध्ये तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा अंतर कमी ठेवायचे, कारण शरीराची दुरुस्ती विश्रांतीतच होते. शर्यतीपूर्वीचे दोन-तीन आठवडे तर सराव उतरत्या क्रमाने करायचा.

चढ आणि उतार

ही शर्यत सामान्यतः एका वर्षी समुद्रकाठच्या डर्बनहून वर, तर दुसऱ्या वर्षी वरून खाली धावतात. पीटरमॅरिट्झबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेवढे वर जाण्याचे कार्य = वस्तुमान × गुरुत्वीय त्वरण × उंची = ६० × ९.८ × ६०० = ३,५२,८०० ज्यूल, म्हणजे सुमारे ८४ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर ३३६ किलोकॅलरी जळण लागेल. वाटेत पुन्हा पुन्हा चढउतार आहेत, त्यांचा खर्च वेगळा. चढावर वेग तोच ठेवला की शक्ती एकदम वाढते. म्हणून अनुभवी हौशी धावपटू तीव्र चढ सरळ चालत चढतात. यात कमीपणा नाही, हिशेब आहे.

उतार सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकचे काम करतात. ते आवळलेले असतानाच ताणले जातात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. पाऊल एक मीटरचे धरले, तर ९० किलोमीटरना ९०,००० पावले पडतात आणि दर पावलाला वजनाच्या दुपटीहून अधिक बल पायावर येते. यावर उपाय म्हणजे सरावात अधूनमधून सावकाश उतार धावणे. थोडी इजा सोसून भरून आलेले स्नायू पुढच्या वेळी कमी दुखावतात.

पाणी: कमी वाईट, जास्तही वाईट

खर्च झालेल्या ऊर्जेचा सुमारे तीनचतुर्थांश भाग उष्णता होतो. तासाला ४५० पैकी जवळजवळ ३४० किलोकॅलरी! एक किलोग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे एवढी उष्णता बाहेर टाकायला तासाला अर्ध्या लिटरहून थोडा अधिक घाम लागेल. त्यासाठी पाणी हवेच.

पण म्हणून घटाघट पीत सुटणे जिवावर बेतू शकते. १९८१ सालच्या कॉम्रेड्समध्ये एका धावणाऱ्या बाईंची प्रकृती अति पाणी पिण्याने गंभीर झाली. १९८५ साली डॉ. टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रक्तातील सोडियम पातळ झाले, की परासरणाने पाणी पेशींत शिरते आणि मेंदू सुजतो. म्हणून सल्ला असा: तहान लागेल तसे प्यावे. धावून आल्यावर वजन आधीपेक्षा वाढलेले दिसले, तर ती धोक्याची खूण समजावी.

संथ माणसाचा विजय

वॉली हेवर्ड याने १९३० साली, २१ वर्षांचा असताना, ही शर्यत जिंकली. १९८९ साली, वयाच्या ८० व्या वर्षी, तो पुन्हा धावला. तेव्हा मुदत ११ तासांची होती. १० तास ५८ मिनिटे ३ सेकंदांनी त्याने रेषा ओलांडली. मुदत संपायला दोन मिनिटेही उरली नव्हती! ऐंशीव्या वर्षी वेग किती उरणार? पण शक्ती जपून वापरली, तर ऊर्जा शेवटपर्यंत पुरते.

मित्रहो, ही शर्यत वाढत्या वयाच्या मुलांसाठी नाही. तुम्ही मैदानावर खेळा, पळा. मात्र घरातील काका-मावशींपैकी कुणी लांब पल्ल्याची तयारी करत असतील, तर त्यांचा हिशेबनीस तुम्ही जरूर व्हा.

करून पाहा

१. तुमच्या ओळखीच्या धावपटूचे वजन घेऊन ५० किलोमीटरना लागणारी ऊर्जा काढा.

२. जिन्याची उंची मोजा. तो एकदा चालत आणि एकदा भरभर चढा आणि वेळ मोजा. दोन्ही वेळचे कार्य आणि शक्ती काढा. काय सारखे राहिले आणि काय बदलले?

३. दोन्ही वेळा वर पोहोचताच नाडीचे ठोके मोजा. त्यांचा संबंध कार्याशी दिसतो की शक्तीशी?